मी म्हणते तेवढंच

मी तळ्याच्या वळणावर पोचलो तेव्हा लिंडक्विस्ट बाई आजींच्या शेजारी जाऊन बसलेल्याही होत्या.

भेट दहाची ठरली होती. मी साडेनऊला आलो, आणि तरीही उशीर झाला. तिसऱ्या बाकावर त्या दोघी एकमेकींकडे पाहून हसत होत्या. बोलायला समान भाषा नसलेली माणसं हसतात तसं, जरा जास्त वेळ, जरा जास्त रुंद. मागच्या झाडांची तांबडी पानं वाऱ्यावाचून गळत होती. मला वाटलं, अजून मागे फिरता येईल. पण बाईंनी मला पाहिलं आणि हात वर केला.

“मॅक,” त्या म्हणाल्या. मकरंद हे नाव त्यांच्या इंग्रजी जिभेला जड जाई. “तुझ्या पहिल्या परिच्छेदावरून मी यांना लांबूनच ओळखलं. हिरवा स्वेटर, साडीखाली पांढरे बूट, मांडीवर कापडी पिशवी. सगळं जसंच्या तसं. ये, राधाबाईंशी माझी ओळख करून दे.”

आजींनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या जवळून त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. वरच्या ओठावर तीळ होता. तो माझ्या निबंधात नव्हता.

“या तुझ्या कोण?” त्यांनी मराठीत विचारलं. “मघापासून माझ्याकडे बघून हसतायत. म्हणून मीही हसतेय.”

त्या राधाबाई नव्हत्या. त्या कोण होत्या हे मला ठाऊक नव्हतं, कारण त्या क्षणापर्यंत मी त्यांच्याशी एक शब्दही बोललो नव्हतो.

ही गोष्ट दोन हजार आठच्या नोव्हेंबरातली. मी वीस वर्षांचा होतो. तीन वर्षांपूर्वी आई मला आणि ताईला घेऊन मामाकडे, कॅलिफोर्नियातल्या या उपनगरात आली होती. मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होतो. ते दोनच वर्षांचं कॉलेज. तिथे चांगले गुण पडले आणि एखाद्या प्राध्यापकाने शब्द टाकला, तर मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जाता येतं. मला मानववंशशास्त्र घेऊन तिथे जायचं होतं. पाहुणे आले की जो मुलगा आतल्या खोलीत जाऊन बसतो, त्याने जगभरच्या माणसांचा अभ्यास करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, असं मामा विचारी, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. यंदा नाही जमलं तर हे खूळ सोडून कॉम्प्युटरचा कोर्स घ्यायचा, असं त्याने आईसमोर माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. माणसांकडे दुरून पाहत राहणं ही एकच गोष्ट मला येत होती. तेवढ्यालाच कुठेतरी विद्या म्हणत असतील, अशी माझी समजूत होती.

लिंडक्विस्ट बाईंनी दिलेलं काम साधं होतं: एका अनोळखी माणसाशी सहा आठवडे बोलायचं आणि त्याची जीवनकहाणी लिहायची. मी ही बाग निवडली. नातवंडं सांभाळायला सहासहा महिने येणारे आपल्याकडचे आजी-आजोबा इथे सकाळी फिरायला येत. पहिल्या दिवशी ठरवलं, उद्या बोलेन. दुसऱ्या दिवशीही तेच ठरवलं. समोरच्या बाकावर बसून सहा आठवडे मी तेच ठरवत राहिलो, आणि तोवर त्यांचा स्वेटर, त्यांचे बूट, त्यांची चाल वहीत उतरवत राहिलो. उरलेलं सगळं शेवटच्या आठवड्यात घरी बसून रचलं. माहिती देणाऱ्याचं खरं नाव लिहू नये, हा आमच्या विषयातला नियम. त्या नियमाच्या आडोशाला मी एक अख्खी बाई उभी केली. माझ्या राधाबाई पहाटे जात्यावर दळताना ओव्या गात. गावाची वेस त्यांनी म्हातारपणापर्यंत ओलांडली नव्हती. इथे सून त्यांच्याशी बोलत नव्हती. दोन ओव्या मीच जुळवल्या होत्या. बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला आणि दुसऱ्या ओवीशी त्यांचा आवाज भरून आला. मी मान खाली घालून बसलो होतो. त्यांना तो विनय वाटला.

विद्यापीठासाठीचं शिफारसपत्र त्याच देणार होत्या. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचची होती. बुधवारी त्या म्हणाल्या, पत्र लिहिण्याआधी राधाबाईंना एकदा भेटायचंच. शंका म्हणून नव्हे, आनंद म्हणून. आज गुरुवार होता. आजी रोज साडेदहाला येत. त्याआधी बाईंना फाटकाशीच गाठायचं आणि सांगायचं, की राधाबाई अचानक देशी परत गेल्या, असं मी घोकून आलो होतो. आज दोघीही लवकर आल्या होत्या.

“आजी,” मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला परका वाटला. “मी मकरंद. या माझ्या कॉलेजातल्या बाई. तुम्ही त्यांच्याशी दोन मिनिटं बोलाल का? काहीही बोला.”

“काहीही कशाला बोलू? विचारतील ते बोलेन की.” त्यांनी मांडीवरची पिशवी पायाशी ठेवली. “बस. तू तोच ना, समोर बसून चित्रं काढणारा?”

“काय म्हणाल्या?” बाईंनी इंग्रजीत विचारलं.

“बस म्हणाल्या.”

हे भाषांतर खरं होतं. पुढे बराच वेळ तेवढंच खरं होतं.

मी दोघींच्या मध्ये बसलो. बाईंनी वही उघडली. “विचार त्यांना, इथे दिवस कसे जातात.”

मी विचारलं.

“छान जातात,” आजी म्हणाल्या. “पाच महिने झाले येऊन. सून चांगली आहे. कामावर जाताना माझा चहा थर्मासमध्ये भरून ठेवते. मुलाला मात्र वेळ नसतो. पण तो तर त्याला तिकडेही नसायचा.”

मी तळ्याकडे पाहिलं. “त्या म्हणतात, दिवस फार लांब वाटतात. सून घरात असते, पण त्यांच्याशी बोलत नाही.”

बाईंनी हलकेच मान हलवली आणि माझ्यासमोरून हात लांबवून आजींच्या हातावर ठेवला. आजींनी त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“चहाने एवढ्या दुःखी का झाल्या त्या?”

“इथल्या लोकांचं असंच असतं,” मी म्हणालो.

“असं होय.”

बाईंनी पान उलटलं. निबंधाची प्रत त्यांनी वहीतच ठेवली होती. समासात त्यांच्या बारीक अक्षरातल्या खुणा दिसत होत्या. “आता ती दुसरी ओवी. माहेरच्या वाटेची. त्यांच्या तोंडून ऐकायची आहे मला.”

“आजी, तुम्हाला गाणं येतं का काही? एखादी ओवी वगैरे?”

“मला? अरे, गळा असता तर काय हवं होतं. तीस वर्षं ट्रंक टेलिफोनवर ओरडण्यात घसा गेला माझा.”

“टेलिफोन?” बाईंनी मान वर केली. “टेलिफोन म्हणाल्या ना त्या?”

“हो,” मी म्हणालो. “गावाकडे त्यांची बहीण आहे. टेलिफोनवर तिच्यासाठी गातात कधी कधी. पण परक्या माणसासमोर गाणं त्यांच्यात वर्ज्य आहे.”

“वर्ज्य.” बाईंनी लिहून घेतलं आणि शब्दाखाली रेघ ओढली. “बघ, हे निबंधात नव्हतं. किती महत्त्वाचं आहे हे.”

त्या वेळी मला भीती वाटायला हवी होती. वाटली ती सुटका. वाटलं, जमतंय. अशीच आणखी दहा मिनिटं, मग त्या उठतील, घरी जातील, पत्र लिहितील.

करड्या बदकांचा एक थवा गवतावर चरत होता, त्याकडे आजी पाहत राहिल्या. मग हवापाण्याचं बोलावं तशा सुरात म्हणाल्या, “सून बोलत नाही, असं मी म्हटलं नव्हतं. आणि माझी बहीण जाऊन नऊ वर्षं झाली.”

मी चटकन बाईंकडे पाहिलं.

“तोंड असं करू नकोस, तिला कळेल. मला इंग्रजी समजतं. बोलायला फारसं जमत नाही, पण कान तयार आहेत. काय चाललंय तुझं?”

“काही अडचण आहे का?” बाईंनी विचारलं.

“नाही. जुनं काही आठवतायत.”

मग तोंडावर हसू ठेवून, जमेल तितक्या सावकाश, मी आजींना मराठीत सगळं सांगितलं: काम, निबंध, जातं, पत्र. सहा आठवडे मनात जुळवूनही जे त्यांच्याशी बोलवलं नव्हतं, ते भीतीने चार वाक्यांत बोलवून घेतलं.

“म्हणजे स्वेटर माझा घेतलास,” त्या म्हणाल्या, “आणि आत दुसरीच बाई घातलीस.”

“हो.”

“बरी आहे का ती माझ्यापेक्षा?”

मी बाईंच्या वहीतल्या निबंधाकडे पाहिलं.

“सुनेचं कशाला वाईट लिहिलंस पण? ती इथे शनिवारी येते माझ्याबरोबर. ही बाई कधी तिला भेटली म्हणजे?”

“ते मी… ते मी उगाच लिहिलं.”

“पत्र नाही मिळालं तर काय होईल?”

“यंदा जाता येणार नाही. घरचे म्हणतात, मग हा विषय सोडायचा.”

आजींनी स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या. “बरं. मी हिला काही सांगणार नाही. मला इंग्रजी समजतं हेही तिला कळायचं नाही. आता माझ्या नोकरीतलं एक सांगते. तू तिला काय सांगायचं ते तुझं तू बघ. मी म्हणते तेवढंच सांगितलंस तर बरं.” त्या सावरून बसल्या. “माझं नाव कुमुदिनी शेटे. कऱ्हाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होते. ट्रंक कॉल जोडायचे. हं, सांग.”

बाईंची पेन्सिल कागदाला टेकून उभी होती. माझ्याकडे दुसरं वाक्य तयार होतं. त्यात पहाट होती, जात्याची घरघर होती. ते जिभेवर आलेलं होतं आणि म्हणायला काही त्रास पडणार नव्हता. मी आजींकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. मान किंचित कलती करून, डावा कान माझ्या बाजूला करून त्या ऐकत होत्या. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

“यांचं नाव कुमुदिनी शेटे,” मी इंग्रजीत म्हणालो. “त्या तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या.”

पेन्सिल उचलली गेली. “नाव निराळं असणार, ते ठीक. पण ऑपरेटर?”

“त्या पुढे सांगतायत,” मी म्हणालो.

आजी दोनतीन वाक्यं बोलत आणि थांबत. मी ती इंग्रजीत म्हणून संपवली की मगच पुढे जात.

“सदुसष्ट सालची गोष्ट. मुंबईला बोलायचं तर आधी नंबर नोंदवायचा आणि मग तासन् तास बसायचं. लाइन इतकी खराब, की जोडून दिली तरी दोघांना एकमेकांचं ऐकू यायचं नाही. मध्ये बसून मला मात्र दोघांचं यायचं. मग मीच सांगायचं, हा काय म्हणतो ते त्याला, तो काय म्हणतो ते ह्याला. तो म्हणेल तेवढंच सांगायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही. एवढंच शिकवलं होतं आम्हाला.”

मी सांगितलं.

“एका दुपारी चारच्या सुमाराला एक माणूस आला. धाकटा भाऊ मुंबईला, वकिलीच्या परीक्षेला बसलेला. हा रिसीव्हर धरून म्हणाला, सांगा त्याला, आबा सकाळीच गेले, मिळेल त्या गाडीने नीघ. मी लाइनवर गेले. पलीकडून पोरगा म्हणतो, कोण, दादाचा फोन का? त्याला सांगा, पेपर मस्त चाललेत, उद्या शेवटचा. इतका खूश होता.”

मी सांगितलं. बाईंचं लिहिणं थांबलं होतं.

“मी मोठ्या भावाच्या बाजूची कळ बंद केली, म्हणजे माझं बोलणं त्याला ऐकू जाऊ नये. आणि म्हटलं, आबांना बरं नाही, जमेल तसा ये. पोरगा म्हणाला, उद्याचा पेपर देऊन निघालो तर चालेल का? मी म्हटलं, चालेल.”

“चालेल,” मी इंग्रजीत म्हणालो.

“भावाला सांगितलं, येतो म्हणालाय. घरच्यांनी रात्रभर दहन थांबवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दहापर्यंत वाट पाहिली, मग उरकलं. पोरगा तिसऱ्या दिवशी पोचला. घरी जाऊन तसाच आला असणार, पायात चप्पल नव्हती. एक्स्चेंजच्या खिडकीशी उभा राहून विचारतो, परवा चारला लाइनवर कोण होतं? मी म्हटलं, मी. मला वाटलं, आता वरपर्यंत जाईल, माझी नोकरी घालवेल. माझ्याकडे बघत म्हणाला, पेपर चांगला गेला. एवढंच. आणि गेला.”

साधं वाक्य होतं. इंग्रजीत तर तीनच शब्द झाले.

गवतावरची बदकं उठून पाण्यात उतरली. बाईंनी वहीतून माझा निबंध काढला आणि मांडीवर ठेवला.

“मॅक,” त्या फार हळू म्हणाल्या, “मग मी वाचलं ते काय होतं?”

“ते मी लिहिलं. यांच्याशी मी आज पहिल्यांदाच बोलतोय.”

“जातं?”

“नाही.”

“ओव्या?”

“माझ्याच.”

“आणि सून?”

“सून चांगली आहे. चहा भरून ठेवते थर्मासमध्ये.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “वर्गात मी रडले होते त्या ओवीवर.”

“हो.”

“उद्याचं पत्र मला लिहिता येणार नाही. राग आला म्हणून नाही. राग येईल, घरी पोचेपर्यंत येईल. पण या मुलाचं काम मी पाहिलं आहे, असं त्यात लिहावं लागतं. आणि काम मी पाहिलेलंच नाही.”

“हो,” मी म्हणालो.

त्या उठल्या. आजींसमोर जरा वाकून त्यांनी आभार मानले. ते मराठीत सांगायला मी तोंड उघडलं, पण त्याआधीच आजी बोलल्या, एका खणखणीत, निराळ्याच आवाजात, शब्द सुटे सुटे करून: “नॉट ॲट ऑल, मॅडम.”

बाई थबकल्या. त्यांनी आजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सगळी सकाळ त्यांच्या डोळ्यांत पहिल्यापासून पुन्हा घडताना मला दिसली: चहा, बहीण, वर्ज्य. मग त्या वळल्या आणि तळ्याच्या कडेने चालू लागल्या. निबंध त्यांनी बाकावर ठेवला नाही, बरोबर नेला.

त्या वर्षी माझा अर्ज पत्राविना गेला आणि नाकारला गेला. विद्यापीठात मी पोचलो, पण वर्षभराने, आणि मधलं वर्ष घरात खूप ऐकून घेत. ते सगळं नंतरचं. त्या सकाळी मी बाकावर होतो, शेजारी आजी होत्या, आणि बाईंच्या जागेवर एक तांबडं पान येऊन पडलं होतं.

“माझ्यावर रागावलास?” आजींनी विचारलं.

“नाही.”

“मग रडतोस कशाला?”

“रडत नाहीये.”

“बरं.”

त्यांची साडेदहाची वेळ होऊन गेली. तळ्याला फेऱ्या मारणारी माणसं आमच्यासमोरून गेली, परत आली. मला उठून जावंसं वाटत होतं. निघून जाणं मला चांगलं येत होतं. पण एक प्रश्न मनात येऊन थांबला होता, आणि तो मी जुळवलेला नव्हता. त्याच्या पुढचं मला काहीच माहीत नव्हतं.

“आजी, त्या मुलाला तुम्ही कधी सांगितलंत का? असं का केलंत ते?”

“त्याने विचारलं नाही.” त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलली. मला वाटलं, निघाल्या. पण ती त्यांनी बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली आणि माझ्याकडे तोंड करून बसल्या. “एक्केचाळीस वर्षं झाली. कुणीच विचारलेलं नाही.”

“का केलंत?” मी विचारलं.